ट्रॉमा फेलोशिप: कोकणात परतून काम करणार असाल तर

एमएस किंवा डीएनबी ऑर्थो, म्हणजे हाडांच्या सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण झालं, सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष संपत आलं, की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आता कोणती फेलोशिप, म्हणजे कुठल्या उपविषयाचं पुढचं प्रशिक्षण? मुंबई-पुण्यात राहणारे बहुतेक जण जॉइंट रिप्लेसमेंट किंवा आर्थ्रोस्कोपीकडे वळतात. तिथे त्या आजारांचा रुग्ण आहे, त्यामुळे त्यात काही चूक नाही. पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा दक्षिण रायगडात जो बसणार आहे, त्याच्या ओपीडीत गुडघेदुखी कितीही असली तरी रात्री दोनचा फोन अपघाताचाच, म्हणजे ट्रॉमाचा, येतो. आणि त्या फोनवर काय करायचं हे पदव्युत्तर रेसिडेन्सीत अर्धंच शिकलेलं असतं. तिथे वर लेक्चरर होते, शेजारी प्लास्टिक सर्जरीचा वॉर्ड होता, तळमजल्यावर रक्तपेढी होती.

माझं म्हणणं सरळ आहे. फेलोशिप हॉस्पिटलच्या नावावरून निवडू नका. परत आल्यावर जे फ्रॅक्चर टेबलावर येणार आहे आणि हाताशी जी माणसं आणि जी हत्यारं असणार आहेत, त्यावरून निवडा.

पहिलं काम: आपल्या भागातली फ्रॅक्चर मोजा

अर्ज करण्याच्या निदान सहा महिने आधी, जिथे परतायचं आहे तिथल्या एखाद्या हॉस्पिटलची परवानगी घेऊन कॅज्युअल्टीचं रजिस्टर चाळा. नावं उतरवू नका. वय, काय लागून झालं, कुठलं हाड, जखम उघडी की बंद, किती तासांनी आला, आणि इथेच ऑपरेशन झालं की पुढे पाठवला, एवढंच लिहून घ्या. वर्षभराच्या नोंदी काढल्यात की एक वेळापत्रक आपोआप दिसू लागतं.

मार्च ते मे आंबाकाढणी. झाडावरून पडलेला माणूस टाचेवर आपटतो, म्हणून कॅल्केनियमचं (टाचेच्या हाडाचं) फ्रॅक्चर आणि त्याच्या जोडीला डॉर्सोलंबर (पाठ-कंबर जोडावरचा) मणका. टाच मोडली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढल्याशिवाय सोडायचा नाही. माड आणि पोफळीवरून पडणारे वर्षभर येतात. पाऊस लागला की शेवाळलेल्या अंगणात आणि न्हाणीघरात घसरलेली म्हातारी माणसं येतात: ट्रोकँटर, नेक फीमर (दोन्ही खुब्याजवळ मांडीच्या हाडाची फ्रॅक्चर), मनगट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडल्या की विंचमध्ये (दोर ओढायच्या यंत्रात) आणि दोरात सापडलेले हात येऊ लागतात. गणपतीला चाकरमानी निघाले की मुंबई-गोवा महामार्गावरचे पॉलिट्रॉमा, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी गंभीर इजा झालेले. चिरेखाणीत पायावर चिरे कोसळून होणाऱ्या चिरडलेल्या जखमा पावसाळा सोडून कधीही. आणि वर्षभर एक वेगळी रांग असते ती हाडवैद्याकडून आलेल्यांची: आवळून बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांमुळे बोटं आखडलेली मुलं, वाकडी जुळलेली हाडं, तीन महिने जुना निखळलेला कोपर.

आता रेफरलचा रकाना बघा. सावंतवाडी-कुडाळचा रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजकडे जातो. रत्नागिरीचा आंबा घाटातून कोल्हापूरला, चिपळूणचा डेरवणला किंवा कुंभार्ली घाटातून कराडला. पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की हा सगळा हिशेब कोलमडतो. सिंधुदुर्ग, अलिबाग आणि रत्नागिरीला अलीकडच्या वर्षांत सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली आहेत, त्याने चित्र बदलतं आहे. तरी पेल्विसचं (ओटीपोटाच्या हाडकड्याचं) फ्रॅक्चर आणि रक्तदाब पडलेला रुग्ण आजही घाट चढतोच.

या यादीतून तीन गट पाडा: जे मी इथेच पूर्ण करीन, जे मी स्थिर करून पाठवीन, आणि ज्याला हातही न लावता लगेच पाठवीन. पहिले दोन गट म्हणजे तुमच्या फेलोशिपचा अभ्यासक्रम. हे पान सोबत ठेवा, मुलाखतीतही उपयोगी पडतं.

दुसरं: फेलोशिपचे प्रकार ओळखा

एकाच शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

नॅशनल बोर्डाची एफएनबी (फेलो ऑफ नॅशनल बोर्ड) ही देशातली औपचारिक पदवी. त्यासाठी फेलोशिप एन्ट्रन्स टेस्ट द्यावी लागते आणि साधारण दोन वर्षं जातात. स्पाइन, हँड अँड मायक्रोसर्जरी असे ऑर्थोला जवळचे विषय त्यात आहेत. ट्रॉलरवरचे हात ज्याच्या डोक्यात आहेत त्याने हँडचा गंभीरपणे विचार करावा. यासाठी एमएस किंवा डीएनबी लागतं. नुसतं डी.ऑर्थो (डिप्लोमा) असेल तर आधी पोस्ट-डिप्लोमा डीएनबीची वाट धरा.

नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ मान्यताप्राप्त संस्थांमध्ये फेलोशिप अभ्यासक्रम चालवतं. कोणत्या संस्थेत किती जागा आहेत, हे त्या वर्षीच्या अधिसूचनेत बघा. गेल्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

त्यानंतर हॉस्पिटलच्या स्वतःच्या फेलोशिप. संख्येने सर्वांत जास्त याच, आणि दर्जात जमीन-अस्मानाचा फरकही यातच. उत्तम फेलोशिप यात आहेत आणि वर्षभर नाइट ड्यूटी करवून घेणाऱ्याही. अशा प्रमाणपत्राची मेडिकल काउन्सिलमध्ये अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद होत नाही असंच धरून चाला, आणि पाटीवर काय लिहायचं ते काउन्सिलला विचारून ठरवा. शिक्षकी पेशात जायचं असेल तर हा काळ सीनियर रेसिडेन्सी म्हणून धरला जाईल का, हे रुजू होण्याआधी लेखी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

शेवटी संघटनांच्या काही आठवड्यांच्या फेलोशिप: एओ ट्रॉमा, इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशन वगैरे. एओ म्हणजे १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्जनांनी फ्रॅक्चर फिक्सेशनचे नियम बसवायला स्थापन केलेला गट. त्यांचा बेसिक कोर्स तुम्ही रेसिडेन्सीत केला असेलच. नसेल तर तो आधी, मग अॅडव्हान्स्ड, मग फेलोशिपचा अर्ज. या छोट्या फेलोशिपमध्ये तुम्ही बहुतांशी बघता. दोन-चार वर्षं स्वतः काम केलेल्याला त्या फार देतात, कारण काय बघायचं हे त्याला ठाऊक असतं. एमएस होऊन दोन महिने झालेल्याला कमी देतात.

तिसरं: केंद्र पारखून घ्या

इथे घाई नको. शक्य असेल तर दोन दिवस प्रत्यक्ष जा. विभागप्रमुखाला ईमेल केली की बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

सकाळच्या ट्रॉमा मीटिंगला मागच्या रांगेत बसा. काल रात्री आलेल्या प्रत्येक केसचं पोस्ट-ऑप चित्र सगळ्यांसमोर लावून चिरफाड होते का, की फक्त यादी वाचून चहा होतो? वाकडा बसलेला स्क्रू प्रमुख स्वतःहून दाखवतात का? जिथे दाखवतात तिथे शिकायला मिळतं. मग ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जा आणि ड्रिल कुणाच्या हातात आहे एवढंच बघा. फेलो सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) बाजूला पाय धरून उभा असेल, तर पुढचं वर्षही तुम्ही पायच धरणार आहात.

दुपारी सध्याच्या फेलोला एकट्याला कँटीनमध्ये गाठा. चार प्रश्न पुरेत. गेल्या तीन महिन्यांत अॅसिटॅब्युलम (खुब्याची खोबण) आणि पेल्विस किती वेळा स्वतः उघडलंस? उघड्या फ्रॅक्चरच्या पहिल्या डिब्राइडमेंटला (मेलेली ऊती काढून जखम साफ करण्याला) प्लास्टिक सर्जन हजर असतो का? तू केलेल्या रुग्णाला फॉलो-अपला तूच बघतोस का? आणि पुन्हा संधी मिळाली तर इथेच येशील का? शेवटच्या प्रश्नाला तो क्षणभर थांबला तर तेही उत्तरच.

दुसऱ्या प्रश्नावर मी इतका भर देतो त्याला कारण आहे. कोयंबतूरच्या गंगा हॉस्पिटलचं नाव उघड्या जखमांसाठी घेतलं जातं ते तिथे हाडाचा आणि कातडीचा सर्जन पहिल्याच तासापासून एकत्र जखम बघतात म्हणून. त्यांच्या स्कोअरने टाइप तीन-बीच्या (हाड उघडं पडून कातडी अपुरी पडणाऱ्या) जखमेत पाय वाचवायचा की नाही याला आकड्यांचा आधार दिला: १४ किंवा कमी असेल तर वाचवायचा, १७ किंवा जास्त असेल तर कापण्याचा विचार करायचा, आणि मधल्या १५-१६ ला सर्जनचा अनुभव. स्कोअर कुणीही पाठ करील. पण मधल्या दोन आकड्यांत काय करायचं ते अशा जागी उभं राहूनच कळतं. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: मोठ्या आघाताच्या उघड्या फ्रॅक्चरचं डिब्राइडमेंट १२ तासांत, कातडीचं आच्छादन ७२ तासांत, आणि दोन्ही सर्जन बरोबर.

पेल्विस-अॅसिटॅब्युलम शिकायचं असेल तर दिल्लीतल्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरसारखी मोठी सरकारी केंद्रं किंवा त्या कामासाठी ओळखली जाणारी एखादी युनिट बघा. अॅसिटॅब्युलमच्या फ्रॅक्चरच्या, लेतूर्नेलने पाडलेल्या दहा प्रकारांची चित्रं सगळ्यांनाच पाठ असतात. सीटीवरून कोणता अॅप्रोच घ्यायचा (कुठून उघडायचं) हा निर्णय मात्र केसेस बघून बघूनच येतो. जिथे महिन्याला एखादीच केस होते तिथे वर्ष घालवून तो येणार नाही.

आणि एक. रोबोट, नॅव्हिगेशन, थ्रीडी प्रिंटिंग यांच्या जाहिरातीला भुलू नका. परत आल्यावर तुमच्या ओटीत एक जुना सी-आर्म असेल, आणि पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत तोही बंद.

चौथं: कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण इथेच जागा जातात. पदवी आणि पदव्युत्तर प्रमाणपत्रं, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नूतनीकरण केलेली नोंदणी, बाँड पूर्ण केल्याचा दाखला, काउन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, एटीएलएस (अपघातग्रस्तावरच्या पहिल्या उपचारांचा कोर्स) आणि एओ कोर्सची प्रमाणपत्रं, दोन-तीन शिफारसपत्रं. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथल्या काउन्सिलच्या नोंदणीला किती दिवस लागतात ते आधी विचारा. इन्डेम्निटी विमा हॉस्पिटल काढणार की तुम्ही, तेही.

लॉगबुक नीट असेल तर सीव्ही दोन पानांचा पुरतो. प्रत्येक केससमोर तुम्ही काय केलंत ते खरं लिहा: बघितलं, असिस्ट केलं, सीनियर उभे असताना स्वतः केलं, एकट्याने केलं. परीक्षक तिसऱ्या रकान्याकडेच बघतो, आणि फुगवलेला आकडा त्याला एका प्रश्नात कळतो.

पाचवं: मुलाखत

प्रश्न बहुतेकदा एकाच साच्यातला असतो. समजा असा: अठ्ठावीस वर्षांचा खलाशी, धक्क्यावर होडी आणि भिंतीच्या मध्ये सापडला. टिबियाचं (नडगीच्या हाडाचं) उघडं फ्रॅक्चर, जखम समुद्राच्या पाण्यात भिजलेली. पेल्विस दाबल्यावर दुखतं, रक्तदाब ८० वर ५०, येईपर्यंत दोन तास गेले आहेत. तुम्ही तालुक्याच्या हॉस्पिटलात आहात.

नापास होणारा उमेदवार टिबियापासून सुरू करतो. तुम्ही श्वसनमार्गापासून सुरू करा. वाहतं रक्त दाबून थांबवा, मोठ्या नळ्या लावा, रक्त मागवा. तीन तास उलटले नसतील तर रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढचा एक ग्रॅम आठ तासांत. पेल्विसला बाइंडर (आवळपट्टा), तो नसेल तर घट्ट गुंडाळलेली चादर, आणि ती ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडाच्या) पातळीवर. कमरेच्या हाडावर बांधली तर पेल्विस बंद होत नाही, पोट मात्र दाबलं जातं. पेल्विस वारंवार दाबून बघू नका, तयार झालेली रक्ताची गाठ सुटते. पायाचा फोटो काढा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा पट्टी उघडावी लागणार नाही. जखमेवर ओलं गॉज, स्प्लिंट, धनुर्वाताचं इंजेक्शन, पहिल्या तासात अँटिबायोटिक. आणि इथे कोकणातला उमेदवार पुढे जातो: समुद्राच्या पाण्यातली जखम म्हणजे व्हिब्रिओचा (खाऱ्या पाण्यातल्या जंतूचा) विचार, त्यासाठी नेहमीच्या सेफॅझोलिनवर न थांबता डॉक्सिसायक्लिन आणि सेफ्टाझिडीम. मग बांबोळी किंवा कोल्हापूरला फोन, आणि सोबत डॉक्टर देऊन रवानगी.

पुढचा प्रश्न हमखास असतो: ‘घाट बंद आहे, आता?’ तेव्हा डॅमेज कंट्रोल: जखम धुऊन मेलेली ऊती काढणं, साधा एक्सटर्नल फिक्सेटर (हाडात घातलेल्या पिनांवर बाहेरून बसवलेली चौकट), आणि थांबणं. ‘मी नेल (हाडाच्या पोकळीतली सळई) टाकीन’ असं म्हणालात की बाहेर.

फेलोशिप का हवी, या प्रश्नाला पहिल्या टप्प्यात काढलेलं ते पान समोर ठेवा. भाषणापेक्षा ते जास्त बोलतं.

सहावं: पैसा आणि घर

स्टायपेंड सीनियर रेसिडेंटच्या पगारापेक्षा बऱ्याचदा कमी असतो, काही ठिकाणी नावापुरता. राहण्याची सोय, जेवण, रजा, ड्यूटीचे तास, मधेच सोडल्यास भरपाई, हे सगळं लेखी घ्या. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. घरी आई-वडील एकटे असतील तर वर्षभराची व्यवस्था आधी लावा. भातलावणीला येतो असं सांगून गेलेला फेलो ऑगस्ट उजाडला तरी येत नाही.

सातवं: परदेश

ब्रिटनमध्ये मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या योजनेतून जास्तीत जास्त २४ महिने प्रशिक्षण घेऊन परत यायचं असतं. रॉयल कॉलेज पुरस्कृत करतं, म्हणून प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची ब्रिटनची परीक्षा) द्यावी लागत नाही, पण इंग्रजीची परीक्षा सुटत नाही: आयईएलटीएसला एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, किंवा ओईटीला प्रत्येक भागात बी. पदव्यांची पडताळणी ऑनलाइन होते, तिला वेळ लागतो, लवकर सुरू करा. तिथल्या मेजर ट्रॉमा सेंटरमध्ये शिकायचं ते टीमचं काम: रुग्ण यायच्या आधी दहा माणसं आपापल्या जागी उभी असतात. हाताने केसेस मात्र भारतातल्या चांगल्या केंद्रापेक्षा कमी मिळतील.

कॅनडात परदेशी सर्जनना क्लिनिकल फेलो म्हणून घेतात, पण खर्चाची तरतूद बऱ्याचदा स्वतःची लागते. अमेरिकेत तिथल्या परीक्षा न देता गेलात तर ऑब्झर्व्हर म्हणूनच उभं राहावं लागतं. जर्मनीत ट्रॉमा सर्जरीची परंपरा मोठी आहे, पण वैद्यकीय जर्मनची परीक्षा दिल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. माझं मत विचाराल तर एक वर्ष भारतात हाताने काम, मग दोन-तीन वर्षं कोकणात प्रॅक्टिस, आणि त्यानंतर सहा-आठ आठवडे बाहेर. उलटा क्रम महाग पडतो.

आठवं: ते वर्ष कसं वापरायचं

पहिल्या महिन्यात कुणी ड्रिल देत नाही. तेव्हा प्लॅनिंग करा. प्रत्येक केसचा एक्स-रे घेऊन आदल्या रात्री कागदावर ऑपरेशन काढा: पेशंटची पोझिशन, सी-आर्म कुठून येणार, रिडक्शन (हाड जागेवर आणणं) कसं, कोणता स्क्रू आधी. सकाळी तो कागद बॉससमोर ठेवा. दोन आठवड्यांत ड्रिल हातात येतं.

सोप्या गोष्टी टाळू नका. गुडघ्याच्या वरखाली पिना घालून पंधरा मिनिटांत फिक्सेटर लावणं, आणि त्या पिना पुढे येणाऱ्या प्लेटच्या जागेपासून लांब ठेवणं, हे परतल्यावर अॅसिटॅब्युलमपेक्षा जास्त वेळा लागतं. प्लास्टिकवाल्यांकडून स्किन ग्राफ्ट आणि गॅस्ट्रॉक्नेमियसचा (पोटरीच्या स्नायूचा) फ्लॅप शिकून घ्या. फ्री फ्लॅप (रक्तवाहिन्या नव्याने जोडून बसवलेला) तुम्ही करणार नाही, पण हे दोन येत असतील तर अनेक पाय घाटाखालीच वाचतात. भूलतज्ज्ञाकडून खुब्याची दुखणी बधिर करणारा फॅशिया इलियाका ब्लॉक शिका. ट्रोकँटर मोडलेल्या आजीला एक्स-रेच्या टेबलावर हलवण्याआधी तो दिला तर तिची किंकाळी ऐकावी लागत नाही. नॉनयुनियन (न जुळलेलं हाड) आणि इन्फेक्शनची ओपीडी कधी चुकवू नका, हाडातली तूट भरून काढायची इलिझारोव्ह आणि मास्केलेची पद्धत तिथेच बघायला मिळते. हाडवैद्याकडून आलेली ती रांग तुमचीच वाट बघत असते.

नववं: परतल्यावर

रुजू होण्याआधी ओटीची यादी तपासा: रेडिओल्यूसंट (एक्स-रे आरपार जाऊ देणारं) टेबल, सी-आर्मचा जादा मॉनिटर, फिक्सेटरचे निदान दोन पूर्ण सेट, पेल्विक बाइंडर, तुटलेले स्क्रू काढायचा सेट. इम्प्लांटवाला कोल्हापूर किंवा मुंबईहून सेट पाठवणार असेल तर किमान ट्रोकँटरचे नेल आणि छोट्या-मोठ्या फ्रॅगमेंटच्या प्लेटा हॉस्पिटलातच ठेवायला लावा. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि पॉलिट्रॉमासाठी आहे का, ते विचारा. नसेल तर निम्मे रुग्ण पैशासाठी डिस्चार्ज मागतील.

रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि १०८ च्या अॅम्ब्युलन्सवरचे डॉक्टर यांच्याशी आधी बसून बोला. बांबोळी, कोल्हापूर आणि कराडला ज्यांच्याकडे रुग्ण पाठवणार त्यांचे नंबर स्वतः जाऊन घ्या. आणि रेफरल चिठ्ठीचा छापील नमुना बनवा: अपघाताची वेळ, पहिला रक्तदाब, किती सलाइन आणि रक्त दिलं, अँटिबायोटिक कोणतं आणि किती वाजता, पायाची नाडी आणि बोटांची हालचाल, जखमेचा फोटो कुणाच्या मोबाइलवर पाठवला, आणि फिक्सेटर लावला असेल तर कोणती पिन कुठे. पुढच्या सर्जनला त्याच हाडात नेल घालायचा असतो.